लेन्स गेली म्हणजे नेमकं काय गेलं? नागपूरच्या महालातल्या एका सीडी प्लेअरचं प्रकरण

मे २०२३ मधली गोष्ट. सकाळचे साडेअकरा झाले असतील. नागपूरच्या महाल भागातले एक काका, निवृत्त शिक्षक, जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळलेला सीडी प्लेअर मांडीवर घेऊन ऑटोतून उतरले. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर ठेवला, घाम पुसला आणि म्हणाले, "भाऊ, हा सकाळी बरोबर वाजते. दुपारी बारा वाजले की 'नो डिस्क' म्हणून राहतो. दोन जणांनी पाहिला. दोघंही म्हणतात, लेन्स गेली. गेली असंल तर मग सकाळी कुठून येते ती?"

तीस वर्षांत इतका नेमका प्रश्न मला गिऱ्हाइकाने क्वचितच विचारला असेल. या एका प्रश्नात निम्मं निदान होतं.

आपल्या धंद्यात 'लेन्स' हा शब्द अख्ख्या पिकअपसाठी, म्हणजे सीडी वाचणाऱ्या पूर्ण भागासाठी वापरतात. पण पिकअप ही एक वस्तू नाही. त्यात खाली लेझर डायोड असतो. त्याचा प्रकाश एका तिरक्या आरशावरून वर वळतो आणि डोळ्याला दिसणाऱ्या त्या निळसर टिकलीतून, म्हणजे खऱ्या लेन्समधून, डिस्कवर पडतो. लेन्सला वर-खाली आणि आडवं हलवायला दोन जोड कॉइल असतात, आणि डिस्कवरून परतलेला प्रकाश वाचायला फोटोडायोड. यातलं काहीही बिघडलं तरी डिस्प्लेवर अक्षरं तीच उमटतात: नो डिस्क. म्हणून 'लेन्स गेली' हे निदान नव्हे. ताप आला म्हणून सांगण्यासारखं आहे ते. ताप कशाचा, ते शोधायचं अजून बाकीच असतं.

प्लेअर १९९७ साली सीताबर्डीच्या बाजारातून घेतलेला. एका डिस्कचा, साधा, दणकट, वजनाला भारी. काकांकडे खंजिरी भजनं, कीर्तनं आणि नाट्यसंगीत असा दीडेकशे सीडींचा साठा. त्यातल्या निम्म्या कंपनीच्या, निम्म्या मुलाने घरी कॉम्प्युटरवर राइट करून दिलेल्या. मी आधी पेचकस हातात घेतला नाही, प्रश्न विचारले. रोज किती वाजतो? सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास. मधे कधी बंद होता? २०१० ते २०१६ अशी सहा वर्षं कपाटात होता, काकूंच्या आजारपणात. अडखळायला लागला तो कोणत्या सीडीवर? "पहिले मुलाने दिलेल्यावर. कंपनीच्या मागून अडकायला लागल्या."

हे शेवटचं उत्तर मी वहीत अधोरेखित केलं. कंपनीत छापलेल्या सीडीवर ॲल्युमिनियमचा थर असतो, तो पडलेल्या प्रकाशाचा मोठा भाग परत पाठवतो. राइट केलेल्या सीडीत मधे रंगद्रव्याचा थर असतो, त्यामुळे परतणारा प्रकाश थोडा कमी पडतो. म्हणजे आधी राइट केलेल्या सीडी अडखळल्या आणि मग कंपनीच्या, याचा अर्थ प्लेअरला प्रकाश कमी पडत होता, आणि तो हळूहळू कमी होत गेला होता. एका फटक्यात काहीच तुटलं नव्हतं.

आणखी एक सवय बोलता बोलता कळली. सकाळी भजन चालू असताना काका पूजेला बसतात. प्लेअर बंद केला तर सीडी पुन्हा पहिल्या गाण्यावर जाते, म्हणून ते 'पॉज' दाबून जातात. पूजा तासभर चालते.

पॉजमध्ये आवाज थांबतो, पण बहुतेक प्लेअरमध्ये डिस्क फिरतच राहते आणि लेझर त्याच जागेवर पुन्हा पुन्हा वाचत बसतो. पुढे मीटर लावल्यावर या प्लेअरमध्येही मी हे तपासलं: वाजताना जेवढा प्रवाह, तेवढाच पॉजमध्ये, काटेकोर तेवढाच. हिशेब मांडला तर कपाटातली सहा वर्षं वगळून वीस वर्षं, रोज दीड तास वाजणं आणि एक तास पॉज. वाजण्याचे सुमारे ११ हजार तास, पॉजचे ७ हजारांवर. एकूण १८ हजार तासांच्या पुढे. लेझरला भजन चालू आहे की पूजा, हे कळत नाही. त्याच्यासाठी सगळे तास सारखेच.

आता दुपारच्या कोड्याकडे येऊ.

लेझर डायोडला एक उंबरठा असतो. प्रवाह त्या उंबरठ्याच्या खाली असेल तर तो डायोड साध्या एलईडीसारखा नुसता मिणमिणतो. प्रकाश असतो, पण तो एकवटलेला नसतो, आणि त्याने सीडी वाचता येत नाही. प्रवाह उंबरठ्याच्या वर गेला की पुढच्या प्रत्येक मिलीॲम्पिअरला प्रकाश भराभर वाढतो. सीडी प्लेअरच्या डायोडला एकूण ४०-६० मिलीॲम्पिअर लागतात, आणि त्यातला बराचसा प्रवाह नुसता उंबरठा गाठण्यातच खर्च होतो.

दोन गोष्टींनी हा उंबरठा उंच होतो. एक वय. वर्षानुवर्षं वापरून डायोडच्या स्फटिकात सूक्ष्म दोष वाढत जातात. दुसरी उष्णता. वयाने चढलेला उंबरठा परत उतरत नाही, उष्णतेने चढलेला मात्र गारवा आला की उतरतो. काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच होतं. रात्रभर थंड झालेला प्लेअर सकाळी उंबरठा ओलांडू शकत होता, दुपारी तो उंबरठाच वर गेलेला असायचा. नागपूरचा मे महिना म्हणजे बाहेर ४५ अंश, आणि प्लेअरच्या बंद पेटीत काय होत असेल ते वेगळंच.

पण हा झाला तर्क. तर्कावर गिऱ्हाइकाचे पैसे खर्च करायचे नाहीत, मोजायचं.

मोजणी

पिकअपच्या मागे एक छोटीशी चिकटपट्टी असते, तिच्यावर आकडे छापलेले असतात. बरेच जण ती पुसताना खरडून टाकतात, हे मला मनापासून खटकतं, कारण ती त्या डायोडची जन्मपत्रिका आहे. या जातीच्या पिकअपवर शेवटचे तीन आकडे म्हणजे कारखान्यातून निघताना डायोडला लागणारा प्रवाह. इथे होते ४७३. म्हणजे ४७.३ मिलीॲम्पिअर.

चालू प्रवाह मोजायला डायोड सोडवावा लागत नाही. त्याला प्रवाह देणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या वाटेवर एक रेझिस्टर असतो, या प्लेअरमध्ये २२ ओहमचा. त्याच्या दोन टोकांवरचा व्होल्टेज मोजायचा आणि २२ ने भागायचं. चिकटपट्टीप्रमाणे तो १.०४ व्होल्ट यायला हवा. मीटरचे प्रोब हाताने धरून हे काम कधीच करू नये. प्रोब निसटून शेजारच्या पायाला लागला तर डायोड क्षणात जातो आणि मग खरंच 'लेन्स गेली' म्हणावं लागतं. मी दोन बारीक वायरी डागून घेतो, प्लेअर बंद असताना, आणि मीटर त्यांना जोडून ठेवतो. तापमानाचा प्रोब पिकअपच्या शेजारी चिकटपट्टीने लावतो आणि झाकण बसवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दुकान उघडलं. पेटीत ३५ अंश. मीटरवर १.२७ व्होल्ट, म्हणजे ५७.७ मिलीॲम्पिअर. सीडी लागली, छान वाजली. दुपारी, घरी असतो तसा चालू ॲम्प्लिफायरवर ठेवल्यावर, पेटीत ५० अंश. मीटरवर १.४१ व्होल्ट, ६४.१ मिलीॲम्पिअर. कंपनीची सीडी तिसऱ्या प्रयत्नात लागली, राइट केलेली लागलीच नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर आकड्यांचा अर्थ उलटा लागतो. प्लेअरमध्ये लेझरचा प्रकाश एकसारखा ठेवणारी व्यवस्था असते. डायोडच्याच डबीत मागच्या बाजूला एक छोटा फोटोडायोड बसून प्रकाश मोजत असतो. प्रकाश कमी झाला की सर्किट प्रवाह वाढवतं. म्हणून म्हातारा होत चाललेला लेझर अंधुक दिसत नाही. तो तेवढाच प्रकाश देतो, फक्त त्यासाठी जास्त प्रवाह खातो. झीज प्रकाशात दिसत नाही, प्रवाहात दिसते. अगदी शेवटी, सर्किटची देण्याची मर्यादा संपते, तेव्हाच प्रकाश कमी पडतो.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातून लेन्सकडे बघून जांभळा ठिपका दिसला की 'लेझर ठीक आहे' म्हणणारे पुष्कळ आहेत. त्या ठिपक्यावरून एवढंच कळतं की डायोड जळालेला नाही. उंबरठ्याखाली मिणमिणणारा डायोडही कॅमेऱ्यात तसाच दिसतो. आणि डोळा लावून तर बघूच नये. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, अवरक्त. डोळ्याला तो फिका लाल ठिपका भासतो, पण डोळ्यात जाणारी ताकद डोळ्याला वाटते त्याहून कितीतरी जास्त असते.

तर सकाळीसुद्धा प्रवाह मूळ आकड्याच्या २२ टक्के वर. दुरुस्तीवाल्यांचा ठोकताळा असा की १० टक्क्यांपर्यंत चालतं, त्यापुढे डायोडवर संशय घ्यावा. या हिशेबाने आधीच्या दोघांचं बरोबर ठरलं असतं, आणि मीही नवा पिकअप टाकून मोकळा झालो असतो. पण झाकण काढतानाच मला एक गोष्ट दिसली होती.

पिवळ्या रंगाचा थेंब

पिकअपच्या कडेला तिळाएवढा एक प्रीसेट, म्हणजे फिरवून जुळवायचा रेझिस्टर असतो. लेझरने किती प्रकाश द्यायचा ते त्याच्यावर ठरतं. कारखान्यात एकेका पिकअपला उपकरण लावून तो जुळवतात आणि वर रंगाचा एक थेंब टाकतात, म्हणजे तो हलू नये आणि हलवला तर कळावं. इथे तो पिवळा थेंब मधोमध फुटलेला होता. अर्धा थेंब बाहेरच्या कड्यावर, अर्धा फिरत्या चकतीवर, आणि दोघांमध्ये घड्याळाच्या काट्यावर दहा मिनिटांएवढं अंतर.

काकांना फोन केला. "मागे कधी कुणी उघडला होता का?" ते म्हणाले, दोन वर्षांआधी अडखळत होता, तेव्हा एकाने पाच मिनिटांत दुरुस्त करून दिला होता, शंभर रुपयांत. "तेव्हापासून मस्त वाजत होता ना भाऊ!"

वाजणारच. प्रकाश वाढवला की कमी पडणारी सीडी लगेच लागते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण त्या दिवसापासून डायोड त्याच्या ठरलेल्या कामापेक्षा कितीतरी जास्त काम करत राहतो, जास्त तापतो, आणि तापल्यामुळे अजून प्रवाह मागतो. लेझर डायोडच्या बाबतीत साधारण नियम असा धरतात की दर १० अंश वाढीला आयुष्य निम्म्यावर येतं. प्रीसेट फिरवणं म्हणजे थकलेल्या बैलाला पराणी टोचणं आहे. तो चालतो, हे खरं. पण तो का थांबला होता, ते कुणी पाहिलेलं नसतं. ही दुरुस्ती करणाऱ्याला मी दोष देत बसत नाही, त्याच्याकडे कदाचित सीआरओ, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, नसेल. पण ज्याच्याकडे सीआरओ नाही त्याने प्रीसेटला हात लावू नये, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात सांगतो.

म्हणजे आता प्रश्न बदलला. ५७.७ मिलीॲम्पिअरमध्ये झीज किती आणि प्रीसेटची भर किती? आणि दोन वर्षांपूर्वी प्रकाश कमी पडला तो मुळात कशाने?

बाकीचे संशयित मी एका दुपारीत निकाली काढले. सीडी आतून बाहेर वाचली जाते. आतल्या कडेला ती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, बाहेर येता येता २०० पर्यंत उतरते. मोटर थकली की त्रास बहुधा सुरुवातीच्या गाण्यांना होतो, पिकअप सरकवणाऱ्या गाडीचं ग्रीस वाळलं की मधेच किंवा शेवटी अडकतं. ७० मिनिटांची सीडी सकाळी पूर्ण वाजली, कुठेही ठेचकाळली नाही. ग्रीस घट्ट झालं होतं, ते पुसून नवं लावलं, पण आजार तो नव्हता. ट्रेचा रबरी पट्टा सैल होता, बदलला.

मग सीआरओ जोडला. परतलेल्या प्रकाशातून येणारा सिग्नल पडद्यावर एकमेकांत गुंतलेल्या लाटांसारखा दिसतो आणि मधोमध स्वच्छ चौकटी-चौकटी उमटतात, पतंगाच्या आकाराच्या. त्या चौकटी जितक्या ठसठशीत, तितकं वाचन पक्कं. या प्लेअरला तो सिग्नल १ व्होल्टच्या आसपास हवा. इथे, प्रीसेट वाढवलेला असूनही, होता ०.५५. चौकटी धुक्यातून पाहाव्यात तशा.

लेझर जोरात, तरी परतणारा सिग्नल निम्मा. तर मग प्रकाश वाटेत कुठेतरी अडत होता.

कानात घालतो तशी कापसाची काडी आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवली, झटकली आणि लेन्सवरून हलकेच गोल फिरवली. दाब अजिबात नाही, लेन्स चार केसांएवढ्या तारांवर तोललेली असते. कापूस तपकिरी-पिवळा होऊन निघाला. नाकाजवळ नेला तर अगरबत्तीचा वास. दुसरी काडी, तिसरी काडी, पिवळा रंग फिका होत गेला, पण लेन्सवर एक पांढरट धूसर पापुद्रा तसाच राहिला. अल्कोहोलने तो हलेना. तेव्हा मी काडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओलवली आणि तो विरघळून आला. क्षार!

सिग्नल ०.८ वर आला.

लेन्सच्या खाली तो तिरका आरसा असतो, त्यावर धूळ बसली की बाहेरून दिसत नाही. वरचं प्लास्टिकचं झाकण काढून, लेन्स एका बाजूला किंचित कलती धरून, काडेपेटीच्या काडीला तासून तिच्यावर चार धागे कापूस गुंडाळला आणि आरसा पुसला. या कामाला मला अर्धा तास लागला. श्वाससुद्धा जपून घेतला. पुन्हा जोडून पाहिलं: १.२५ व्होल्ट. चौकटी काचेसारख्या स्वच्छ.

काचेवरची घाण दुप्पट नुकसान करते, हे इथे आकड्यांनी दिसलं. प्रकाश लेन्समधून एकदा डिस्ककडे जातो आणि त्याच लेन्समधून परत येतो. पापुद्र्यातून ७० टक्के प्रकाश पार होत असेल तर येण्याजाण्याचा हिशेब ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ४९ टक्के. डिस्कवर ओरखडा असेल तर तो एका जागचा असतो. सीडीच्या रचनेत चुका भरून काढायची अशी सोय आहे की सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग खंडसुद्धा ऐकणाऱ्याला जाणवत नाही. लेन्सवरचा पापुद्रा मात्र प्रत्येक क्षणाला आडवा येतो. त्याला कोणतीही सोय पुरत नाही.

आता १.२५ म्हणजे गरजेपेक्षा जास्त. प्रीसेटच्या चकतीवरचा अर्धा पिवळा थेंब कड्यावरच्या अर्ध्या थेंबाला भिडेपर्यंत मी ती परत फिरवली. सिग्नल ०.८, पण स्वच्छ. राइट केलेली सीडी पहिल्या प्रयत्नात लागली. आणि ३५ अंशांवर मीटरवर १.१५ व्होल्ट. ५२.३ मिलीॲम्पिअर.

मूळ ४७.३. आता ५२.३. साडेदहा टक्के वाढ. एवढी या लेझरची खरी झीज, २६ वर्षांची, १८ हजार तासांची. आणि त्यातलीही काही त्या दोन जोरजबरदस्तीच्या वर्षांची असणार. उरलेले साडेपाच मिलीॲम्पिअर प्रीसेटचे होते.

घर पाहिल्यावर

क्षार कुठून आले, हे दुकानात बसून कळणार नव्हतं. प्लेअर पोचवायला मी स्वतः गेलो. माजघरात एका लाकडी मांडणीवर सगळं होतं: खाली ॲम्प्लिफायर, त्याच्यावर प्लेअरची जागा, डाव्या हाताला देवघर, आणि समोर चार हातांवर खिडकीतला कूलर. काकूंच्या फोटोपुढे उदबत्ती जळत होती.

नागपूरकराला कूलरचं वेगळं काही सांगायला नको. मार्च संपत आला की ताट्या बदलायच्या, टाकी धुवायची, आणि जूनपर्यंत रात्रंदिवस चालवायचा. काकांच्या कूलरला बोअरचं पाणी. ताट्यांवर पांढरी मिठागरं जमलेली. अशा कूलरच्या झोतात पाण्याचे अतिबारीक तुषार असतात. तुषार सुकतो, क्षार उरतो. प्लेअरच्या मागे वारा जायला फटी आहेत, ट्रेच्या तोंडाशी फट आहे. उदबत्तीच्या आणि कापराच्या धुराने लेन्सवर आधी चिकट थर बसत होता, आणि त्या चिकट थरावर धूळ आणि क्षार येऊन बसत होते. वीस उन्हाळे.

काका थोडे हळवे झाले. म्हणाले, "म्हणजे मीच त्याचं आयुष्य कमी केलं का?" मी म्हटलं, "नाही काका. तुम्ही त्याला देवाजवळ आणि गारव्यात ठेवलं. ते चुकीचं कोण म्हणेल?" आणि खरंच, माणूस जिवाभावाची वस्तू घरातल्या चांगल्या जागी ठेवतो. ती जागा काचेला मानवत नाही, हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसं?

प्लेअर आम्ही समोरच्या भिंतीच्या कोनाड्यात हलवला, ॲम्प्लिफायरपासून दूर, कूलरच्या झोताबाहेर. वायरी लांब घातल्या. कापडाचं झाकण दिलं, पण फक्त बंद असताना घालायचं, हे दोनदा सांगितलं. पॉजच्या ऐवजी काय? मॅन्युअल काकांनी जपून ठेवलं होतं. त्यात पाहून ठरावीक गाण्यापासून सुरू करायची बटणं दाखवली. पूजेला बसताना गाण्याचा नंबर पाटीवर खडूने लिहायचा आणि प्लेअर बंद करायचा, ही युक्ती त्यांचीच, शिक्षकाची. नव्या जागेवर दुपारी तीन वाजता पेटीत ४१ अंश भरले, मीटरवर १.२० व्होल्ट. ५४.५ मिलीॲम्पिअर. दुपारी सीडी लागली.

"मग आता नवी लेन्स टाकायची का?" काकांनी विचारलं.

यावर मी दोन दिवस विचार केला होता. साडेदहा टक्के म्हणजे ठोकताळ्याच्या काठावर. बाजारात मिळणाऱ्या नव्या पिकअपमध्ये नकला फार. दिसायला हुबेहूब, पण चिकटपट्टीवर आकडे कधी नसतात, कधी एकाच गठ्ठ्यातल्या दहाही पिकअपवर एकच आकडा असतो, जे खऱ्या मालात शक्य नाही, कारण प्रत्येक डायोडची मागणी वेगळी. २६ वर्षं चाललेला, मोजलेला लेझर काढून न मोजलेला टाकणं मला पटलं नाही. त्यापेक्षा मी भंगारातल्या दोन प्लेअरमधले त्याच जातीचे पिकअप मोजले. एक ३० टक्के वर निघाला. दुसरा अवघा ४ टक्के. तो दुसरा साफ करून काकांसाठी बाजूला ठेवला.

तो काढतानाची एक खबरदारी लिहून ठेवतो, कारण यात हातात आलेले चांगले पिकअप मरतात. फ्लॅट केबल काढण्याआधी पिकअपच्या सर्किटच्या पाटीवरचे दोन ठिपके सोल्डरच्या थेंबाने जोडायचे, म्हणजे डायोडची दोन्ही टोकं एक होतात आणि अंगातली स्थिर वीज त्यातून जात नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की टेरिकॉटचा शर्ट काढताना तडतड आवाज येतो. तो एक तडाखा डायोडला पुरे. आणि नव्या जागी केबल लावून झाल्यावर तो थेंब आठवणीने काढायचा. नवे पिकअपही असाच थेंब घेऊन येतात. तो न काढता 'नवीन लेन्सही खराब निघाली' म्हणून परत केलेले तुकडे मी दुकानदारांकडे पाहिले आहेत.

डीव्हीडी प्लेअरवाल्यांसाठीही एक गोष्ट. तिथे बहुतेक पिकअपमध्ये दोन लेझर असतात, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल आणि सीडीसाठी ७८० चा. डीव्हीडी चालते आणि सीडी लागत नाही, किंवा उलट, असं असेल तर आरसा-लेन्स पुसून पाहाच, पण संशय त्या एका डायोडवर जास्त. दोन्ही सारखंच अडखळत असेल तर आधी काच पुसा. एवढ्या एका चाचणीने अर्धं काम होतं.

काकांच्या प्लेअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करने लिहिलं: 'मूळ ४७.३. मे २०२३, ३५ अंश, १.१५ व्होल्ट. प्रीसेट मूळ जागी. हलवू नये.' पुढे कुणीही उघडेल तेव्हा त्याला मागचं कळायला हवं. तापमान लिहिणं यात सर्वांत महत्त्वाचं. नोव्हेंबरात साफसफाईला उघडला तेव्हा पेटीत २९ अंश होते आणि मीटरवर १.१० आला. तापमान लिहिलेलं नसतं तर लेझर तरुण झाला असं वाटलं असतं.

मे २०२४ मध्ये काका पुन्हा आले, या वेळी प्लेअर न घेता, मला घरी न्यायला. सकाळी सातला गेलो. लेन्सवरून फिरवलेली काडी जवळपास पांढरीच निघाली. पेटीत ३५ अंश होईपर्यंत आम्ही चहा घेत थांबलो. मीटरवर १.१७. एका वर्षात एक मिलीॲम्पिअरची वाढ, तीही पूर्ण नाही. मी झाकणावर तिसरी ओळ लिहिली. काकांनी चष्मा लावून ती वाचली, मार्कर माझ्या हातातून घेतला, आणि खाली आपल्या मास्तरी अक्षरात 'मे २०२५' लिहून पुढची जागा मोकळी सोडली.